पाळणा थांबला, पुढची वीस वर्षं कुणाची?

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका बाईंची पाळी तीन महिने चुकली. वय त्रेचाळीस. थोरली मुलगी बारावीला, धाकटा नववीत. आम्ही सगळ्यांनी, आणि तिनं स्वतःही, एकच अर्थ लावला : पाळी जायला लागली. घाम फुटायचा, दुपारी चक्कर यायची, जेवण नकोसं व्हायचं. मे महिन्यात पारा बेचाळिशीच्या पुढं गेला की सोलापुरात घाम आणि चक्कर कुणाला चुकते? ओटीपोट घट्ट लागायला लागलं तेव्हा सोनोग्राफी झाली. सतरा आठवडे झाले होते.

गर्भपाताच्या कायद्यात २०२१ साली झालेल्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मतावर मार्ग निघतो, त्यामुळं ती त्यातून सुटली. पण दवाखान्यातून आल्यावर चार दिवस ती मुलीच्या नजरेला नजर देत नव्हती. मला म्हणाली, "वहिनी, लेक कॉलेजात चालली आणि माझं हे असं." तिची काय चूक होती? दुसऱ्या बाळंतपणात अंगात रक्त कमी होतं म्हणून ऑपरेशन राहून गेलं. पुढं नवरा जपायचा. चाळिशी उलटली तसं, आता या वयात काय दिवस राहतायत, असं म्हणून दोघांनीही तो विषय मनातून काढून टाकला. पाळी पुढं-मागं व्हायला लागली तरी पूर्ण जाईपर्यंत दिवस राहू शकतात, एवढी एक गोष्ट सांगणारं माणूस तिला चौदा वर्षांत भेटलं नाही.

भारतानं कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ साली सुरू केला, जगात सगळ्यात आधी. तेव्हापासून या कार्यक्रमाचं माप एकच राहिलं : मुलं किती, आणि किती अंतरानं. आपले शब्दही तेच सांगतात. पाळणा लांबवणं, पाळणा थांबवणं. पाळणा माळ्यावर गेला की बाईचा कागद बंद. आपल्याकडं पाळी साधारण सेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षी जाते. दुसरं मूल सत्ताविशीत झालं असेल तर मधली जवळजवळ वीस वर्षं उरतात. त्यातली शेवटची सात-आठ वर्षं शरीर रोज नवं काहीतरी दाखवत असतं, आणि नेमकं तेव्हाच तिला कुणी काही विचारत नाही. माझं म्हणणं असं आहे की चाळिशीत प्रत्येक बाईशी हे बोलणं नव्यानं व्हायला हवं. "हार्मोन कमी असलेलं किंवा अजिबात नसलेलं काय आहे?" असं तिनं विचारलं तर तिला घाबरट न ठरवता पूर्ण उत्तर मिळायला हवं. आणि ते तिला आधी कुणीतरी सरकारी खर्चानं, घराजवळ द्यायला हवं.

माझीच गोष्ट सांगते. धाकट्यानंतर मी गोळ्या सुरू केल्या त्या नऊ वर्षं घेतल्या. पहिल्यांदा डॉक्टरांनी लिहून दिल्या. नंतर मेडिकलमध्ये रिकामं पाकीट पुढं करायचं, दुकानदार कागदात गुंडाळून नवीन द्यायचा. नऊ वर्षांत माझं बीपी कुणी बघितलं नाही आणि मीही बघा म्हटलं नाही. आमच्या शाळेत शिक्षकांसाठी तपासणी शिबिर लागलं तेव्हा मशिनवर आकडा आला १५६ आणि ९८. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "काही गोळ्या चालू आहेत का?" मी म्हटलं, "नाही." दोन दिवसांनी लक्षात आलं की चालू होत्या. रोज रात्री दात घासून झाले की मी एक गोळी घेत होते, आणि ती मला कधी औषध वाटलीच नव्हती.

नेहमीच्या गोळीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन अशी दोन हार्मोन असतात. इस्ट्रोजेनमुळं रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढतो, बीपी चढू शकतं. बीपी जास्त असेल, आधी डोळ्यांपुढं चमक येऊन अर्धशिशी उठत असेल, किंवा पस्तिशीनंतर विडी-सिगारेट ओढण्याची सवय असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेचे निकष ही गोळी टाळायला सांगतात. निव्वळ वय वाढलं म्हणून ती बंद करायची गरज नाही. बीपी नीट आणि तंबाखूचा धूर नसेल तर चाळिशीनंतरही ती चालते. म्हणजे सगळा निवाडा एका बीपीच्या पट्ट्यावर होता, आणि तो पट्टा माझ्या दंडाला नऊ वर्षं लागला नाही.

'हार्मोन' या शब्दाचं आमच्या बायकांत भूत झालं आहे. हार्मोननं अंग सुटतं, केस जातात, कॅन्सर होतो. उलट बाजूला दवाखान्यात ऐकू येतं, "काही होत नाही हो, उगाच घाबरता." माप मात्र कुणीच सांगत नाही. मीठ किती घातलं हे न बघता भाजी खारट की अळणी यावर भांडण्यासारखं ते आहे. तर माप बघू. अमेरिकेत १९६० साली मंजूर झालेल्या पहिल्या गोळीत १५० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन होतं. आज सरकारी दवाखान्यात फुकट मिळणाऱ्या माला-एनमध्ये ते ३० आहे, म्हणजे एक पंचमांश. त्याच माला-एनमध्ये लेव्होनॉरजेस्ट्रेल हे दुसरं हार्मोन रोज १५० मायक्रोग्रॅम पोटात जातं. हेच लेव्होनॉरजेस्ट्रेल गर्भपिशवीत बसवायच्या हार्मोनच्या तांबीतून सुरुवातीला रोज सुमारे २० मायक्रोग्रॅम सुटतं, तेही तिथल्या तिथंच, आणि पुढं आणखी कमी होत जातं. त्यातलं रक्तात फारच थोडं उतरतं. दर तीन महिन्यांनी घ्यायच्या 'अंतरा' इंजेक्शनात मात्र मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे वेगळंच हार्मोन एकदम १५० मिलिग्रॅम असतं, आणि एकदा टोचलं की मानवलं नाही तरी काढून घेता येत नाही. कमी हार्मोन हवं म्हणणाऱ्या बाईला एवढा हिशोब कळला तर ती स्वतःच निम्मं ठरवून मोकळी होईल.

भीतीही अगदीच बिनबुडाची नाही, हे मान्य करायला हवं. डेन्मार्कमध्ये सुमारे १८ लाख स्त्रियांच्या नोंदी तपासून २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हार्मोनची साधनं वापरणाऱ्यांत स्तनाचा कॅन्सर किंचित जास्त दिसला : ७,६९० स्त्रियांनी वर्षभर वापरलं तर एक जादा रुग्ण. हार्मोनची तांबीही त्यातून सुटली नाही. दुसऱ्या बाजूला, दोन हार्मोनच्या गोळीनं अंडाशयाचा आणि गर्भपिशवीच्या अस्तराचा कॅन्सर कमी होतो हेही तितकंच पक्कं आहे. ज्या घरात आईला किंवा मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला आहे त्या घरातली बाई हार्मोन नको म्हणत असेल, तर तिचं ऐकायचं. सात हजारांत एक म्हणजे काहीच नाही, हे तिच्या वतीनं दुसऱ्यानं ठरवायचं नसतं.

हार्मोन अजिबात नको असेल तर साधी तांबी आहे. सरकारी दवाखान्यात फुकट बसते, ३८० ए प्रकारची दहा वर्षं चालते, आणि चाळिशीनंतर बसवली तर पाळी जाईपर्यंत तीच ठेवली तरी चालते. एकदा बसवली की विषय मिटला. ज्या बाईची पाळी मोजून तीन-चार दिवसांची आहे तिला मी डोळे झाकून तांबी सांगेन. पण तांबीनं, निदान पहिले काही महिने, रक्त जास्त जातं आणि पोट दुखतं. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयातल्या ५७ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं. चाळिशीत जिचं आधीच जास्त जातंय तिला तांबी बसवणं म्हणजे गळक्या माठाला आणखी एक भोक.

'छाया' ही आपली गोळी. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली, १९९१ पासून 'सहेली' या नावानं बाजारात, २०१६ पासून सरकारी कार्यक्रमात. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, पुढं आठवड्याला एक. तिच्यात हार्मोन नाही. शरीरातल्या इस्ट्रोजेनच्या जागेवर बसून ती काम करते. रक्तस्राव जास्त असणाऱ्यांनाही तीच गोळी वेगळ्या मात्रेत देतात. मला तिचा अभिमान आहे आणि आशाताईंनी ती घरोघर सांगावी असं वाटतं. एकच अडचण चाळिशीतल्या बाईनं आधीच समजून घ्यावी : छायानं काहींची पाळी लांबते. पंचविशीत पाळी लांबली तर बाई लगेच तपासते. चव्वेचाळिशीत लांबली तर गोळीनं, वयानं की दिवस गेल्यानं, कसं कळणार? तेव्हा छाया घेणाऱ्या चाळिशीतल्या बाईच्या घरात लघवी तपासायची पट्टी असलीच पाहिजे. आशाताईंच्या पिशवीत ती असते. मागायला लाजायचं कारण नाही.

गोळ्या बंद केल्यावर माझी पाळी अंगावर आली. दुसऱ्या दिवशी तासाला पॅड भिजायचा. वर्गात फळ्याकडं वळताना मी पदर मागून ओढून घ्यायची आणि खुर्चीवर ओढणीची घडी ठेवायची. हिमोग्लोबिन नऊवर आलं. ज्या दवाखान्यात गेले तिथं दोन मिनिटांत निकाल लागला : "मुलं दोन आहेत ना? मग पिशवी ठेवून काय करायचंय? काढून टाका, पुन्हा दिवस राहायची भीतीही नाही." मी घरी येऊन रडले. ऑपरेशनची भीती होतीच, पण रडू आलं ते त्या प्रश्नानं. पिशवी ठेवून काय करायचंय? जणू ती मुलं वाहून आणायची पाटी होती.

हे वाक्य आपल्या भागात किती बायकांनी ऐकलं असेल! बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या तरुण वयात काढल्याचं २०१९ साली बाहेर आलं तेव्हा राज्य हललं, चौकशी समिती बसली. त्यातल्या कितीतरी टोळ्या दर हंगामाला आमच्याच जिल्ह्यातल्या कारखान्यांवर येतात. कारणं तिथं जास्त क्रूर होती, उसाच्या फडात पाळीचे दिवस म्हणजे खाडा. पण मुळाशी असलेला समज तोच, की मुलं झाली की पिशवी निकामी. काही आजारांत पिशवी काढावीच लागते, त्याबद्दल वाद नाही. मात्र चाळिशीनंतर पाळी बिघडली तर आधी कारण शोधायचं, सोनोग्राफी करायची, गरज असेल तर अस्तराचा तुकडा तपासायचा आणि मग बोलायचं.

मी दुसऱ्या डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी तपासण्या केल्या, काही वाईट नाही बघितलं, आणि हार्मोनची तांबी सुचवली. एकाच वस्तूनं दोन कामं : दिवस राहत नाहीत, आणि काही महिन्यांत रक्तस्राव नव्वद टक्क्यांपर्यंत उतरतो. इस्ट्रोजेन नसल्यानं बीपीला अडचण नाही. पहिले चार महिने थेंब-थेंब जात राहिलं, मी वैतागले, काढून टाका म्हणायला निघाले होते. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून थांबले. सहाव्या महिन्यात मी पांढरी साडी नेसून स्वातंत्र्यदिनाच्या झेंड्याला गेले.

आता या तांबीचं नाव केंद्र सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या २०२२च्या यादीत आहे. आमच्या उपकेंद्रात ती नाही. खासगीत काही हजारांना पडते. यादीत अत्यावश्यक आणि दाराशी अप्राप्य, याला मी सरळ अन्याय म्हणते.

या सगळ्यात नवरा कुठं आहे? बाईच्या अंगात एक थेंबही हार्मोन न घालता पाळणा कायमचा थांबवणारा उपाय पुरुषाच्या बाजूला आहे. बिनटाक्याच्या नसबंदीला जागा बधिर करून दहा-वीस मिनिटं लागतात, माणूस त्याच दिवशी घरी येतो. पुरुषी हार्मोन जसंच्या तसं राहतं, ताकद जात नाही, संबंधात फरक पडत नाही. तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग वीर्य तपासून खात्री करायची, एवढंच पथ्य. बाईच्या ऑपरेशनात पोट उघडावं किंवा टोचावं लागतं. तरीही त्याच राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात बाईचं ऑपरेशन झालेली जोडपी ३७.९ टक्के आणि पुरुषाचं ०.३ टक्के.

याचं एक कारण आपण सोयीनं विसरतो. आणीबाणीत साठ लाखांहून जास्त पुरुषांच्या नसबंद्या एका वर्षात झाल्या, कितीतरी बळजबरीनं. १९७६ साली तर महाराष्ट्राच्या विधिमंडळानं तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही. त्या धाकाचं ओझं पुढं बायकांच्या पोटावर आलं. पुरुषांचा धाक मी समजू शकते. पण त्याला पन्नास वर्षं होत आली. आणीबाणीनंतर जन्मलेले नवरे आज कुणाच्या भीतीनं दवाखान्याची पायरी चढत नाहीत? माझ्या नवऱ्याला मी विचारलं तेव्हा ते आधी गप्प झाले, दोन दिवसांनी स्वतःच म्हणाले, "चल, विचारून येऊ." मला रक्तस्रावासाठी तांबी लागणारच होती म्हणून डॉक्टरबाईंनी त्यांना थांबवलं. पण तपासणीच्या खोलीत ते माझ्याशेजारच्या खुर्चीवर बसले होते, आणि मला त्याचा मोठा आधार वाटला.

यात काही नवं किंवा परकं आहे असं नाही. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि बाईच्या आरोग्याचा, सुखाचा प्रश्न म्हणून ते आयुष्यभर मांडलं. त्यासाठी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. त्यांच्यावर खटला झाला तेव्हा वकील म्हणून बाबासाहेब उभे राहिले, आणि १९३८ साली बाबासाहेबांच्याच पक्षानं मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव आणला. तो फेटाळला गेला. शंभर वर्षांपूर्वी मराठीत झालेलं बोलणं आपण लोकसंख्येच्या आकड्यात गाडून टाकलं.

मग करायचं काय? माझी मागणी लहान आहे. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाचं बीपी आणि साखर तपासायचं काम उपकेंद्रांत चालू आहेच. पट्टा दंडाला बांधलेला असतो, बाई स्टुलावर बसलेली असते. तेव्हाच तिला दोन प्रश्न विचारा : पाळी कशी येते, आणि दिवस राहू नयेत म्हणून काय वापरता? उत्तरावरून पुढं पाठवा. आशाताईंवर आधीच कामाचा डोंगर आहे, असं कुणी म्हणेल. खरं आहे, त्यांना मोबदला वाढवून द्या. पण बीपीचा आकडा लिहून घेताना दोन प्रश्नांनी डोंगर वाढत नाही. दुसरं कुणी म्हणेल, कितीतरी बायकांची ऑपरेशनं झालेलीच आहेत, त्यांना काय विचारायचं? त्यांनाच आधी विचारा. पंचविशीत नळ्या बांधलेल्या बाईकडं त्यानंतर पाळीचं विचारायला कुणी फिरकलेलं नसतं, आणि पिशवी काढा हा सल्ला तिलाच सगळ्यात लवकर मिळतो. कधी थांबायचं हेही तिथंच सांगता येईल : शेवटची पाळी पन्नाशीनंतर आली असेल तर पुढं एक वर्ष, पन्नाशीआधी आली असेल तर दोन वर्षं साधन चालू ठेवायचं. हे साधं गणित मला चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा कळलं, आणि मी गणितच शिकवते.

राहिली लाज. या वयात नवरा-बायकोंत काही असतं हे कबूल करायला लागतं म्हणून बायका विचारत नाहीत, आणि सांगणारेही टाळतात. असतं. असावं. सून घरात आली तरी असावं.

आमच्या मागच्या बोळात एक अक्का राहतात. वय सेहेचाळीस, पंचवीस वर्षं विड्या वळतात. त्यांनाही माझ्यासारखंच जातं. तपासणी झाली आहे, गाठ नाही, आणि पिशवी काढायची तारीख काढा म्हणून सांगितलं आहे. परवा संध्याकाळी मी त्यांच्या उंबऱ्यावर बसले होते. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, पानाचा तुकडा बोटांत गुंडाळत त्या ऐकत होत्या. हार्मोनच्या तांबीबद्दल मी सगळं सांगितलं, पहिल्या चार महिन्यांच्या त्रासासकट. त्यांनी हात थांबवला. "बाई, कितीला बसती ती?" मी आकडा सांगितला. त्यांनी डोळे मिटून ओठांत पुटपुटत हिशोब केला, रोजच्या हजार विड्यांच्या मजुरीनं.

"पंचवीस दिवसाच्या विड्या," त्या म्हणाल्या, आणि पुढचं पान उचललं.